जिभेवरचा दाणा

सुट्टी लागली की मास्तर आजारी पडत. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की घरात त्याचं कुणाला नवल वाटत नसे. कारखाना वर्षातून एकदा साफसफाई आणि दुरुस्तीसाठी आठवडाभर बंद राही. पहिले दोन दिवस मास्तर घरातल्या गळक्या नळांच्या हात धुऊन मागे लागत, कपाटांच्या बिजागऱ्यांना तेल देत, बायकोचं चांगलं चालणारं शिवणयंत्र उघडून त्याचे भाग वर्तमानपत्रावर मांडून ठेवत. मग अंथरूण धरत. सांधे दुखत, अन्नावरची वासना उडे, जिना चढताना मध्येच कठड्याला टेकून उभे राहत. कारखाना सुरू झाला की दोन दिवसांत गडी पुन्हा टुणटुणीत.

"म्हणजे चार दिवस माझं तोंड बघितलं की तुमची ही गत होते," मास्तरीणबाई म्हणत. "माझ्याशी लग्न कशाला केलंत? त्या मशीनशीच संसार मांडायचा होता."

"मशीन बोलत नाही, एवढा एकच गुण तिच्यात जास्त आहे," मास्तर पडल्या पडल्या म्हणत.

मास्तर शाळेतले नव्हते. औषधाच्या गोळ्या पाडणाऱ्या कारखान्यात ते मशीनवरचे मास्तर होते, आणि केवळ त्या नात्याने त्यांची बायको, जिने जन्मात कधी खडू हातात धरला नव्हता, सगळ्या गल्लीची मास्तरीणबाई झाली होती. बाई पुढच्या खोलीत कपडे सैल-घट्ट करून द्यायचं काम करत. कुणाचं पोट सुटलं, कुणाचं उतरलं, हे त्या माणसाच्या घरच्यांआधी बाईंना कळे.

मास्तरांची कारखान्यात ख्याती होती ती त्यांच्या जिभेची. बोलण्याची नव्हे, बोलायला तर ते पैसे पडल्यासारखे बोलत. गोळी पाडायच्या आधी औषधाची पावडर भिजवून तिचा रव्यासारखा दाणा करतात आणि तो ड्रायरमध्ये सुकवतात. दाणा ओला राहिला तर मशीनला चिकटतो, फार सुकला तर गोळीचा माथा टोपीसारखा सुटून उडतो. किती सुकला ते सांगणारं यंत्र होतं, पण ते उत्तर द्यायला वेळ लावी, आणि तोवर सगळे हात बांधून उभे. मास्तर चिमूटभर दाणा जिभेच्या टोकावर ठेवत. जिभेला धरला की सुकला, सुटला की ड्रायरची अजून थोडी हवा. त्यांच्या पाळीत माल कधी परत गेला नाही. पुढे कारखान्यात नियम आला, भिंतीवर मोठा बोर्ड लागला की उघड्या तोंडाने कुणी आत यायचं नाही, चव तर दूरच. तेव्हा मास्तर घरी येऊन म्हणाले होते, "सोडलं बाई ते. आता यंत्र म्हणेल ती पूर्व." बाईंनी विश्वास ठेवला. घरात मात्र खोड गेली नव्हती. मीठ असो, साखर असो, कपड्यांचा सोडा असो, नवीन पुडी फुटली की मास्तरांची जीभ बाहेर.

आणि एवढा गोळ्यांच्या राशीत वावरणारा माणूस स्वतः डोकेदुखीची गोळीसुद्धा घेत नसे. "ज्यानं बनवायच्या त्यानं खायच्या नाहीत," म्हणे. जन्मात कधी औषधाला शिवलो नाही, याचा त्यांना भारी अभिमान होता.

त्यांच्या हाताखाली ड्रायरवर बाईंचा धाकटा भाऊ होता, बारक्या. नोकरीला लागला तेव्हा काडीपैलवान, म्हणून हे नाव. आता त्याचा चेहरा गोल गरगरीत झाला होता, गाल वर आले होते, तरी नाव बारक्याच. मास्तरांचंही तेच. "मानवलंय हो दोघांना!" लोक म्हणत. बाई हसून मान डोलवत, पण त्यांच्या हातांना काहीतरी खटकत होतं. मास्तरांच्या विजारी कमरेत सोडवून सोडवून आतली शिलाई संपली होती, आणि त्याच विजारी मांड्यांत मात्र आवळून घ्याव्या लागत होत्या. माणूस जाडा होतो तेव्हा सगळीकडून होतो. यांचं पोट वाढत होतं आणि हातपाय वाळत होते. वर कातडी अशी नाजूक झालेली की दाराची कड नुसती घासली तरी निळा डाग उठे. वय झालं, असं म्हणून बाईंनी मनाची समजूत घातली होती. आपलीही झालीच की चाळिशी पार, मग निळे डाग आपल्याला का उठत नाहीत, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नव्हता. विचारायला भीती वाटत होती, एवढंच खरं.

या वर्षी कारखाना आठवडाभर नव्हे, चांगला महिनाभर बंद राहणार होता. जुने ड्रायर काढून नवे बसवायचे होते. आठवड्याभरात मास्तर नेहमीप्रमाणे पडले. पण दुसऱ्या आठवड्यात त्यांना पाण्याचा तांब्या उचलवेना, आणि बाईंची थट्टा हळूहळू ओठांवरच राहू लागली.

"दवाखान्यात जाऊ या," त्या म्हणाल्या.

"कारखाना सुरू झाला की होईन बरा. दरवर्षी होतो."

"कारखाना सुरू व्हायला अजून पुष्कळ अवकाश आहे. तोवर काय मी तुमच्या उशाशी नुसती बसून राहू?"

"बस की," मास्तर म्हणाले. "एरवी तरी कुठे बसतेस."

त्याच सुमारास गल्लीत पोट बिघडण्याची साथ आली. बाईंना एक दिवस उलट्या झाल्या, दुसऱ्या दिवशी त्या परत शिवणयंत्रावर बसल्या. तिसऱ्या दिवशी मास्तरांना सुरू झालं. सकाळपासून पाण्याचा घोट पोटात ठरेना. पोट असं दुखू लागलं की गुडघे छातीशी घेऊन ते कुशीवर पडून राहिले. बाईंनी कपाळाला हात लावला तर गार घाम, चिकट.

"भोंगा झाला का गं?" मास्तरांनी विचारलं.

"कसला भोंगा? अहो, कारखाना बंद आहे."

"माझा डबा भर. भोंगा झाला."

बाईंनी मास्तरांना काखेत धरून उठवून बसवलं, तशी त्यांची बुबुळं वर गेली आणि मान खांद्यावर कलली. खाली टेकवल्यावर शुद्ध आली. बाईंनी आयुष्यात पुष्कळ आजारपणं काढली होती, पण बसवलं की माणूस जातो आणि निजवलं की परत येतो, हे त्यांनी पाहिलं नव्हतं. शेजारच्या दोघांनी मास्तरांना आडवंच उचलून खाली टॅक्सीत घातलं. सगळ्या वाटेत बाई त्यांच्या छातीवर हात ठेवून होत्या, आणि हाताखाली छाती हलली नाही असं वाटलं की घाबरून जोरात दाबत. मास्तर दर वेळी कण्हत, आणि ते कण्हणं बाईंना गोड लागे.

दवाखाना मोठा होता, आणि मोठ्या दवाखान्यात माणूस आणखीच लहान होतो. मास्तरांना पडद्याआड नेलं, दोन्ही हातांना सुया लावल्या, सलाईनच्या बाटल्या भराभर रिकाम्या होऊ लागल्या. बाई पडद्याच्या फटीतून बघत होत्या. रक्तदाब दाखवणाऱ्या यंत्रावरचा आकडा वर चढे, परत खाली येई. नर्स तो मोठ्याने वाचे आणि दर वेळी तिचा आवाज जरा आणखी बारीक होई. बाईंना त्या आकड्यातलं काही कळत नव्हतं, पण आवाज कळत होता.

डॉक्टर तरुण होता, दाढी वाढलेली, डोळ्यांखाली काळं. तो बाहेर आला. "आजी-आजोबांपासून कुणाला साखर, हृदयविकार?"

"नाही हो."

"हे कुठली औषधं घेतात?"

"काही नाही."

"दम्याची? सांधेदुखीची? एखाद्या वैद्याची पुडी, कसली पावडर, ताकदीची औषधं?"

"डोकेदुखीचीसुद्धा घेत नाहीत. शपथेवर सांगते." बाईंनी हे मान ताठ करून सांगितलं. त्या क्षणीही त्यांना त्याचा अभिमान वाटला, काय म्हणावं या बाईला!

"साखर फार खाली गेलीय, रक्तदाब उठत नाही. पोट दगडासारखं धरलंय. आत आतडं फाटलं असेल अशी शंका आहे. आम्ही सर्जनना बोलावलंय. पोट उघडून बघावं लागेल."

"आत्ता?"

"वेळ नाहीये हो." तो जायला वळला आणि परत थांबला. "एक गोष्ट मला बुचकळ्यात टाकतेय. हा गोल चेहरा, बारीक हातपाय, हे निळे डाग. वर्षानुवर्षं स्टिरॉइड घेणारा माणूस असा दिसतो. नक्की काही घेत नाहीत?"

"अहो, ते गोळ्या बनवतात. खात नाहीत."

डॉक्टरने त्यांच्याकडे बघितलं. "कसल्या गोळ्या?"

आणि बाईंना सांगता येईना. इतकी वर्षं डबा भरून दिला, पण ज्या गोळीवर घर चालतं तिचं नाव काय, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. "पांढऱ्या असतात," त्या म्हणाल्या. "बारीक." मग स्वतःचीच लाज वाटून त्यांनी फोन काढला. "थांबा. माझा भाऊ तिथेच कामाला आहे. विचारते. पोट उघडू नका तोवर, तुमच्या पाया पडते."

बारक्याने फोन उचलायला बराच वेळ लावला. आवाज जड, झोपेतून उठल्यासारखा.

"बारक्या, भाऊजींना दवाखान्यात आणलंय. तुमच्याकडे त्या कसल्या गोळ्या पाडतात रे? नाव सांग."

"काय झालं भाऊजींना?"

"नाव सांग आधी!"

"प्रेडनिसोलोन," बारक्या म्हणाला. "आमच्या खात्यात तेच. स्टिरॉइड असतं ते."

बाईंच्या डोळ्यांसमोर घरातली मिठाची पुडी आली, आणि तिच्यावर वाकलेले मास्तर.

"बारक्या, खरं सांग. तो दाणा अजून जिभेवर लावतात ते?"

पलीकडे बारक्याने कूस बदलल्याचा आवाज आला.

"अरे, बोल!"

"ताई, प्रत्येक ड्रमला," बारक्या म्हणाला. "मास्क खाली करून. दिवसभरात कितीतरी वेळा. पण ताई, हे डॉक्टरला सांगू नकोस. नवीन साहेब आलाय, तो कुणाचं ऐकत नाही. बोर्ड लावलाय भिंतीवर. हे कळलं तर भाऊजी जातील आणि मीही जाईन. माझी पोरं लहान आहेत गं. आणि चिमूटभर तर असतं, त्यानं काय होणार? थुंकून टाकतो आम्ही. बहुतेक वेळा."

आम्ही, असं तो म्हणाला होता. पण बाईंचं त्या शब्दाकडे लक्ष गेलं नाही. कॉरिडॉरच्या टोकाकडून लांब स्ट्रेचर येत होतं, आणि ते त्यांच्याच पडद्याकडे येत होतं. "तू नीट आहेस ना?" त्यांनी सवयीने विचारलं. "मीपण पडूनच आहे," बारक्या म्हणाला, "पोट बिघडलंय, पाय कुणीतरी काढून नेल्यासारखे झालेत," पण तोवर बाईंचा हात फोनसकट खाली आला होता.

एका बाजूला दोन घरांची भाकरी होती. नवऱ्याचं खोटं बायकोने चव्हाट्यावर आणायचं, तेही तो बेशुद्ध असताना. शुद्धीवर आला आणि नोकरी गेलेली दिसली तर तो आपल्याला काय म्हणेल, हेही बाईंच्या मनात येऊन गेलं. मग त्यांनी स्ट्रेचरवर मास्तरांना सरकवताना पाहिलं. त्यांचा एक पाय बाहेर लोंबत होता आणि तो कुणी आत घेत नव्हतं.

"थांबा!" बाई ओरडल्या. सगळा कॉरिडॉर वळून बघू लागला. "पोट फाडू नका! ते चाखतात हो! औषध चाखतात! रोज, वर्षानुवर्षं, ते प्रेडनि... ते स्टिरॉइड. जिभेवर ठेवून बघतात सुकलंय का. आणि आता कारखाना बंद आहे. पंधरा दिवस जिभेला लागलेलं नाही."

डॉक्टरच्या चेहऱ्यावरची झोप एका झटक्यात उडाली. त्याने बाईंना काही विचारलं नाही. नर्सकडे वळून तो म्हणाला, "हायड्रोकॉर्टिसोन शंभर, शिरेतून, आत्ता. साखर चालू ठेवा. आणि सर्जनना सांगा, थांबा म्हणावं."

मग वाट बघणं आलं. बाईंना कुणी खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत. बसलं तर आकडा खाली जाईल असं काहीतरी त्यांच्या डोक्यात बसलं होतं. देवाचं नाव घ्यावं तर तेही आठवेना, नुसतं "वर जा, वर जा" असं त्या यंत्राला म्हणत राहिल्या. नर्स आकडा वाचत होती. एकदा वाचला, दुसऱ्यांदा वाचला. मग तिने तो वाचला आणि जरा थांबून परत वाचला, आणि या वेळी तिचा आवाज बारीक नव्हता. मास्तरांचं गुडघे आवळलेलं शरीर हळूहळू सैल पडलं. ओठांवरचा पांढुरका रंग गेला.

"आलेत परत," डॉक्टर बाहेर येऊन म्हणाला. "पोटात काही फाटलेलं नाही. या आजारात पोट असंच धरतं. आणि अशा अवस्थेत आम्ही त्यांना कापलं असतं तर..." त्याने वाक्य पुरं केलं नाही. बाईंनी भिंतीला हात लावला.

"पण त्या चिमटीनं? एवढ्याशा चिमटीनं माणूस मरतो?"

"चिमटीनं नाही. चिमूट बंद झाल्यानं." डॉक्टर त्यांच्या शेजारी भिंतीला टेकला. "आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर एकेक लहानशी ग्रंथी असते. ती रोज एक स्टिरॉइड बनवते, आपलं स्वतःचं. ते रक्तातून हिंडतं, पेशीच्या आत शिरतं, अगदी जिथून पेशीचा कारभार चालतो तिथपर्यंत जातं आणि कामं वाटून देतं. साखर सोडा, सूज आवरा, रक्ताचा दाब धरून ठेवा. त्याच्याशिवाय माणूस उभा राहू शकत नाही. त्याचीच नक्कल म्हणजे हे औषध. दम्याने घुसमटलेल्याला श्वास देतं, सुजलेले सांधे उतरवतं. फार गुणी औषध आहे. आत्ता त्यांना दिलं तेही त्याच घराण्यातलं."

"मग?"

"मग बाहेरून रोज फुकट मिळायला लागलं की मेंदू म्हणतो, घरी कशाला रांधा? तो ग्रंथीला हुकूम देणं सोडतो. ग्रंथी बसून बसून सुकते. चिमूट थांबली की आतही नाही आणि बाहेरूनही नाही. नुसतं बसून असलेला माणूस कसाबसा रेटतो, दरवर्षी रेटत असतील. पण पोट बिघडलं, ताप आला, की शरीराला एरवीच्या दुप्पट-तिप्पट लागतं. आणि यांच्याकडे काहीच नाही."

दरवर्षी. बाईंना आपली सगळी थट्टा आठवली, आणि त्यांना रडू कोसळलं. दरवर्षी हा माणूस त्यांच्यासमोर मरणाच्या दारात जाऊन येत होता, आणि त्या म्हणत होत्या माझं तोंड बघून आजारी पडता.

डॉक्टरने त्यांना रडू दिलं. मग तो म्हणाला, "आता रोज गोळी घ्यावी लागेल, कदाचित कितीतरी महिने, आणि हळूहळू कमी करायची. एक दिवसही चुकवायची नाही. आणि हो, तिथे असं चाखणारं आणखी कुणी आहे का?"

बाईंचं रडणं जागच्या जागी थांबलं.

आम्ही. थुंकून टाकतो आम्ही. गोल गरगरीत झालेला बारक्या, मानवलेला बारक्या. पोट बिघडलंय, पाय कुणीतरी काढून नेल्यासारखे. ते कानांवर पडलं होतं आणि त्यांनी ते ऐकलं नव्हतं. त्याची बायको पोरांना घेऊन माहेरी गेलेली, घरात तो एकटा.

त्यांनी फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. वाजत राहिला. घाईघाईत तिसऱ्यांदा भलताच नंबर लागला आणि कुणीतरी बाई खेकसली. पडद्याआडून मास्तरांचा आवाज आला, खोल गेलेला, पण भानावर आलेला.

"कुणाला लावतेस?"

"बारक्याला." बाई आत गेल्या. "अहो, तोही चाखतो का?"

मास्तरांनी डोळे मिटले. "मीच दाखवलं," ते म्हणाले. "हात वळला नव्हता त्याचा अजून. जीभ मात्र पटकन बसली." मग डोळे उघडून म्हणाले, "लाव. माझ्या कानाशी धर."

या खेपेला वाजणं थांबलं. कुणी बोललं नाही. फोन जमिनीवर घासल्याचा आवाज आला.

"बारक्या," मास्तर म्हणाले. "बारक्या, मी बोलतोय. उठ. उठून दार उघड."

"भाऊजी..." आवाज इतका बारीक की बाईंनी आपलं डोकं मास्तरांच्या डोक्याला भिडवलं. "नाही उठवत. उठलं की सगळं काळं होतं."

"सरपटत जा."

"भोंगा होऊ दे. मग जातो."

बाईंनी तोंडावर हात दाबला.

"दाराला काय लावलंय?" मास्तरांनी विचारलं.

"कडी."

"बरं. तू फोन ठेवू नकोस. कानाशी ठेव. मी बोलत राहतो." मास्तरांनी बाईंकडे बघितलं आणि डोळ्यांनी पिशवी दाखवली. "माझा फोन काढ. त्याच्या खालच्या मजल्यावर आमच्या फाटकावरचा पहारेकरी राहतो. 'गेट' म्हणून नाव आहे. त्याला म्हणावं, दार फोड."

बाईंनी 'गेट'ला फोन लावला. पहारेकरी घरीच होता, नशीब. त्याला आधी कळेचना. चांगलं धडधाकट पोर, परवाच तर जिन्यात भेटलं, दार कशाला फोडायचं, उगीच घरमालक बोलेल. "मालक मला बोलू दे!" बाई किंचाळल्या. "तू वर जा! जा म्हणते ना!" नर्सने त्यांना गप्प करायला बोट ओठांवर नेलं आणि त्यांचा चेहरा बघून खाली घेतलं.

मास्तर बोलत राहिले. ज्या माणसाकडून दिवसाकाठी दहा वाक्यं निघत नसत, तो बोलत राहिला. नव्या ड्रायरबद्दल, त्याच्या हवेच्या पंख्याबद्दल, आता जिभेचं काही काम उरलं नाही, नोकरी गेली तर दोघं मिळून नळदुरुस्ती करू, तुझ्या बहिणीच्या घरचेच नळ वर्षभर पुरतील. मधूनमधून थांबून ते म्हणत, "ऐकतोयस ना?" सुरुवातीला पलीकडून हुंकार येत होता. मग नुसता श्वास. मग मास्तर "ऐकतोयस ना?" म्हणाले आणि काहीच आलं नाही, पण ते थांबले नाहीत, आवाज मात्र फाटला. बाईंनी त्यांचा हात धरला होता. तो इतका पातळ लागला की त्यांनी पकड सैल केली, निळा डाग उठेल म्हणून.

मग फोनमध्ये धक्के ऐकू येऊ लागले. एक. परत एक. कुणीतरी ओरडलं, "खांदा लाव!" लाकूड करकरलं. आणि मोठा आवाज झाला, बरेच पाय आत आले, सगळे एकदम बोलू लागले. "अरे देवा." "पाणी आणा रे." "हलवू नका त्याला." "हलवा की!" बाईंनी मास्तरांच्या कानापासून फोन ओढून घेतला आणि त्यात जीव खाऊन हाका मारू लागल्या. कुणी ऐकेना. शेवटी फोन कुणीतरी उचलला.

"हॅलो? कोण?" पहारेकरी धापा टाकत होता.

"श्वास आहे का?"

फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. बाईंना वाटलं, आता हे विचारलंच नसतं तर बरं झालं असतं.

"आहे," तो म्हणाला. "आहे, आहे. पण फार मंद आहे हो. डोळे उघडे आहेत, बघत नाही. काय खाल्लंय यानं?"

"आडवाच उचल. बसवू नकोस, काही झालं तरी बसवू नकोस. गाडीत घाल. आणि ऐक, दवाखान्यात पोचल्या पोचल्या, ते काही विचारायच्या आधी सांगायचं, हा रोज स्टिरॉइड चाखणारा माणूस आहे आणि कारखाना बंद झाल्यापासून त्याला मिळालेलं नाही. ते म्हणतील, औषध कुठलं घेतो. काही घेत नाही असं म्हणशील तर तो तिथेच जाईल. समजलं? याला हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन द्या, असं म्हण. म्हण माझ्यामागे."

"हायड्रो... काय ते?"

"हायड्रो. कॉर्टि. सोन."

"हायड्रोकोटी..."

"कॉर्टि!" मागे कुणीतरी बारक्याचे पाय धरा म्हणून ओरडत होतं. जिन्यात पावलांची गडबड होती. बाई शब्द तोडून तोडून सांगत होत्या आणि मास्तर उशीवरून मान उचलून ओठांनी तोच शब्द म्हणत होते. "परत म्हण. नीट म्हणता येईपर्यंत मी फोन ठेवायची नाही."

पहारेकऱ्याने परत म्हटलं. चुकलं. त्याने थांबून श्वास घेतला आणि जिने उतरता उतरता आणखी एकदा म्हटलं, आणि या वेळी ते बरोबर आलं.